कंदीलवाल्याची सातवी विहीर

यादीत एकशे ब्याण्णव खेळ होते आणि कंदीलवाला एकशे एकोणनव्वदावा होता. पद्मजा मगदूम यादी वरून खाली वाचत आली, तिथं थांबली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. सयांक ०.४. शेरा : गोठवावा. तारीख : ३१ मार्च २०४१.

तिला आधी हसूच आलं. शून्य पूर्णांक चार म्हणजे खेळ जगातून पुसल्यात जमा. आणि इकडं नुसतं नाव वाचून तिच्या उजव्या हाताची तीन बोटं टेबलाच्या कडेवर आपली आपण हलायला लागली होती. मग हसू विरलं, कारण ही यादी दुसऱ्या कुणी नाही, तिच्याच विभागानं केली होती.

पुण्यात पाषाणच्या टेकडीखालचं हे सय-मापन केंद्र काय करतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी धावपळ वेडेपणाची वाटेल. संगणकावरचा एखादा खेळ किती लोकप्रिय आहे हे मोजायच्या जुन्या पद्धती म्हणजे निव्वळ गलका मोजायचा प्रकार होता. किती प्रती खपल्या, किती लोक किती तास खेळले, कुणी किती तारे दिले. दहा वर्षांनी यातलं काहीच कामाचं राहत नाही. ज्या खेळापायी पोरांनी ताटावरून उठून पळ काढला तो दोन वर्षांत कुणाला आठवत नाही, आणि एखादा फडतूस वाटलेला खेळ माणूस पिकल्या केसांपर्यंत अंगात बाळगतो. बरं, लोकांना विचारावं तर आठवणींच्या बाबतीत लोक सर्रास थापा मारतात, स्वतःलासुद्धा.

उत्तर सापडलं ते हातात. शिकलेली हालचाल मेंदूच्या मागच्या भागात मुरते आणि तिथून सहजी जात नाही. वीस वर्षं सायकलला न शिवलेला माणूस बसला की पायडल मारतोच. संशोधकांना असं दिसलं की ओळखीच्या खेळाचं पहिलं चित्र आणि तीन सेकंदांचा आवाज समोर आला, की मेंदू जुन्या हालचालीचा हुकूम हाताकडं धाडतो. बोट हलत नाही, माणसाला पत्ताही लागत नाही, पण कोपराखालच्या स्नायूंत विजेची अगदी बारीक थरथर उठते. प्रत्येक खेळाच्या थरथरीचा क्रम वेगळा. तो टिपणारा रबरी पट्टा म्हणजे सयपट्टा. त्याच माणसांना दर दोन वर्षांनी पट्टा बांधायचा, थरथर किती विरली ते बघायचं, आणि किरणोत्सारी धातूचं काढतात तसं खेळाचं अर्धायुष्य काढायचं. काही खेळांचं चौदा महिने निघालं, काहींचं पन्नास वर्षं. हे अर्धायुष्य आणि खेळ किती हातांत उरलाय तो आकडा, या दोन्हींवरून ठरतो सयांक. नाव केंद्राचे प्रमुख डॉ. मुजावर यांनी दिलेलं. केंद्राच्या याद्यांवर अखेरचा शिक्का मारणाऱ्या परदेशातल्या समितीला त्याचा उच्चार अजून जमत नाही.

आता गोठवायचं कशाला? जुना खेळ नुसता साठवून ठेवणं सोपं असतं, चालता ठेवणं अवघड. यंत्रं दर चार-पाच वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक वेळी खेळ नव्या यंत्रावर बसवायला जाणकार माणसं लागतात. ती मोजकीच. म्हणून सयांक तीनच्या खाली गेला की फाइल तळघरात जाते आणि खेळ बंद होतो. त्यानंतर तो कुणालाच खेळता येत नाही.

कंदीलवाला हे काही त्या खेळाचं खरं नाव नव्हे. खरं नाव इंग्रजी, लांबलचक, आणि पद्मजाच्या जयसिंगपुरात ते कुणी कधी उच्चारलं नाही. एक ठेंगणा माणूस कंदील घेऊन अंधारातून पळतो, वाटेत विहिरी लागतात, त्या ओलांडायच्या, एवढाच खेळ. बाणाच्या बटणांवर तो पळतो नि थांबतो, स्पेसबारवर उडी मारतो. बटण जितकं दाबून धराल तितकी उडी लांब. शेवटच्या पायरीवर ओळीनं सात विहिरी.

बसस्टँडच्या मागं पद्मजाच्या वडिलांचं, अण्णांचं, सायबर कॅफे होतं. चार संगणक. तीन गिऱ्हाइकांसाठी, आणि चौथा, ज्याची निम्मी बटणं अडकायची, तो दुपारी घरच्या पोरांसाठी. पोरं दोन. बारा वर्षांचा भाऊ भरतेश आणि दहाची पद्मजा. पहिल्याच दिवशी पाळीवरून अशी जुंपली की अण्णांनी नियम घालून दिला. खेळायचं तर दोघांनी मिळून, नाहीतर कुणीच नाही. मग भरतेश डावीकडं स्पेसबारवर, पद्मजा उजवीकडं बाणांवर. पळवणारी ती, म्हणून उडी कधी मारायची ते तिनं ठरवायचं. ती म्हणायची “हं”, की त्याचा अंगठा खाली.

सहा विहिरी ती दोघं गप्पा मारत ओलांडायची. सातवी मात्र कधी जमली नाही. तिचा काठ ढासळता होता. अगदी टोकाला जाऊन उडी घेतली तरच पलीकडं पोचायचं, आणि पद्मजा टोकाच्या चार पावलं आधीच घाबरून “हं” म्हणून मोकळी व्हायची. कंदीलवाला विहिरीत. “भितीस कशाला गं, मी हाय की,” असं भरतेश दर वेळी म्हणायचा आणि पुन्हा पहिल्या विहिरीपासून सुरू करायचा. तीन वर्षं हे चाललं. मग नवे खेळ आले, भरतेश कॉलेजला गेला, कॅफेही बंद झालं.

यादी आली त्याच दुपारी सगळे डबे खायला गेल्यावर पद्मजानं स्वतःच्या दोन्ही हातांना सयपट्टे बांधले. रोज दुसऱ्यांना पट्टे बांधणाऱ्या माणसाला स्वतःचं मोजावंसं वाटत नाही. सात वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच केलं. पडद्यावर काळोख आला, कंदील पेटला, खेळाच्या सुरुवातीची ती तीन सुरांची शीळ वाजली, आणि तिच्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. यंत्राला डोळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं निकाल दिला. उजवा हात : तीव्र. डावा हात : काही नाही. जुळणी ४६ टक्के. अपूर्ण, वगळावे.

तिला रागच आला. तीन वर्षं जीव ओतून खेळलेला खेळ, आणि हा पट्टा सांगतोय की तुला तो येत नाही. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग तिचं लक्ष डाव्या हाताकडं गेलं. त्या हाताला कंदीलवाला कधी कुणी शिकवलाच नव्हता. खेळताना तो हात असायचा भरतेशच्या खांद्यावर.

भरतेशला जाऊन बावीस वर्षं झाली होती. हरवला वगैरे नव्हता तो. केरळात त्रिशूरला होता, तिथं त्याचं बस्तान बसलं होतं, हे तिला ठाऊक होतं. सुरुवातीची काही वर्षं तिनं निरोप धाडले, अण्णा गेले तेव्हाही धाडला. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि ते का आलं नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

२०१९ सालची गोष्ट. भरतेशचं मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या लीनावर मन बसलं होतं. लीना त्रिशूरची, ख्रिस्ती. जैन घरात अण्णांपुढं हा विषय काढायचा म्हणजे छाती हवी. आदल्या दिवशी तो पद्मजाला म्हणाला होता, तू तिला भेटली आहेस, चार वेळा आपण तिघं एकत्र जेवलोय. अण्णांनी विचारलं तर तू नुसतं “हं” म्हण, बाकीचं मी बघतो. पद्मजानं गळ्याची शपथ घेऊन कबूल केलं होतं. सकाळी चहाच्या वेळी त्यानं विषय काढला. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग ते पोरीकडं वळले आणि म्हणाले, तुला हे ठाऊक होतं? भरतेशनं तिच्याकडं पाहिलं. ती कपातल्या चहाकडं बघत राहिली. तो थांबला, विहिरीच्या काठावर थांबायचा तसा, तिच्या एका अक्षरासाठी. ती मूग गिळून बसली. अण्णा म्हणाले, बहिणीलाही न सांगण्यासारखं काम दिसतंय म्हणजे. त्यावर भरतेश उठला, बॅग भरली आणि गेला.

त्या “हं”चं ओझं पद्मजा बावीस वर्षं वागवत होती. कंदीलवाला तिला जगवायचा होता तो यापायी. भरतेश आणि ती जिथं अजून एकत्र होती अशी दुनियेत ती एकच जागा उरली होती, आणि तिला टाळं लागायला सात आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी तिनं वगळलेल्या नोंदींची पेटी उघडली. भारतातल्या दोन लाख अकरा हजार माणसांच्या हातांची मोजणी झाली होती. त्यातल्या कंदीलवाल्याच्या पूर्ण नोंदी सहाशेच्या आत. आणि “अपूर्ण” म्हणून फेकलेल्या? अडतीस हजार. निम्म्यांत उजवा हात जिता आणि डावा मोकळा, निम्म्यांत नेमकं उलटं. लातूर, बिदर, अकोला, धारवाड, सगळीकडं तीच तऱ्हा. पद्मजा ते आकडे बघत बसली आणि तिला एकदम त्या अडतीस हजार पोरांचे मोकळे हात कुठं असतील ते दिसलं.

डॉ. मुजावरांकडं ती थेट गेली. मुजावर मूळचे मिरजेचे, साठीला टेकलेले, कोरड्या जिभेचे आणि मऊ काळजाचे. यातलं दुसरं ते कुणाला कळू देत नसत. तिनं सांगितलं की पट्ट्याचं गणित ज्या देशात बसवलं तिथं एका पोराला एक संगणक असायचा. खेळ म्हणजे एका माणसाचे दोन हात, हे त्यांनी गृहीतच धरलं. आपल्याकडं एका कीबोर्डवर दोन पोरं बसायची. खेळ जिवंत आहे, फक्त तो एका अंगात नाही, दोन अंगांत वाटलेला आहे, आणि आपण दोन्ही निम्मे हात कचऱ्यात टाकतोय.

मुजावरांनी चहाचा कप खाली ठेवला. “दोन पोरं बसायची, आणि तिसरं मागं उभं राहून अक्कल शिकवायचं. तो तिसरा मी, मगदूमबाई. माझ्या हातात एकसुद्धा खेळ नाही.” मग म्हणाले की समितीला कारण नको असतं, पुरावा हवा असतो, तेव्हा पुरावा काढा.

पुरावा काढायचा रस्ता त्यांनीच सुचवला. दोघं वर्षानुवर्षं मिळून खेळली की एकाची लय दुसऱ्यात उतरते. उजवीकडचं बोट जिथं सैल पडतं, तिथंच डावीकडचा अंगठा उठतो. हा सांधा प्रत्येक जोडीचा वेगळा असतो, कुणाचा घाईचा, कुणाचा रेंगाळणारा. तेव्हा संगणकानं अडतीस हजारांतून सांधे जुळवून जोड्या लावाव्यात, त्यातल्या शंभर जोड्यांना आपापल्या गावच्या केंद्रावर बोलवावं, आणि दोन गावांतले निम्मे हात एका खेळाला जोडून द्यावेत. शंभरातल्या साठ जोड्यांनी पाचवी विहीर ओलांडली, तर खेळ जिवंत आहे हे समितीला मानावंच लागेल.

जोड्या लावायला संगणकाला दोन दिवस लागले. पद्मजाची नोंद त्यात होतीच, आता ती काही काढता येत नव्हती. तिच्या उजव्या हातापुढं जोड म्हणून एक क्रमांक आला. नावं मोहोरबंद असतात, केंद्रातल्या कुणालाही उघडता येत नाहीत. क्रमांकासोबत दिसतं ते एवढंच. केंद्र त्रिशूर. पुरुष. वय ४७.

तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. खाली आणखी एक ओळ होती, ती तिनं नंतर वाचली. या माणसाला दोनदा पट्टा बांधला गेला होता, २०३७मध्ये आणि २०३९मध्ये. दोन मोजण्यांतली घट : शून्य.

थरथर विरतेच, सगळ्यांची विरते, पद्मजाचीही विरली असणार. ती विरायची थांबते एकाच कारणानं. माणूस मनातल्या मनात ती हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिला तर. हे पद्मजा गेली सात वर्षं नव्या लोकांना शिकवत आली होती. आता ती उठून खिडकीशी गेली.

मुजावरांपासून तिनं काही लपवलं नाही. भाऊ त्रिशूरला असतो, वय जुळतं, पण खात्री नाही, हे सगळं सांगून टाकलं. मुजावर म्हणाले, “तुम्हाला अंदाज आहे आणि त्याला नाही, हा अन्याय आहे.” तिनं मान हलवली. तिलाही तेच बोचत होतं. मग दोघांनी मिळून पत्राचा मजकूर ठरवला. सगळ्या दोनशे जणांना एकच मजकूर जाणार होता, आणि त्यातलं एक वाक्य मुजावरांनी स्वतः लिहिलं. तुमच्या पलीकडं बसणारी व्यक्ती लहानपणी तुमच्याबरोबर खेळलेली असू शकते; तुम्हाला ते नको असेल तर येऊ नका, कारण कुणी विचारणार नाही.

पुण्याच्या घरात पद्मजा आणि आई दोघीच राहायच्या. त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिनं आईला सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट. बावीस वर्षांत तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. शिरोळ भागातल्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल “मी आलो, मी जेवलो” असंच बोलते, पुण्यात लोक हसले तरी. तिनं ऐकलं आणि निवडलेली जुडी बाजूला ठेवली.

“मला पण ठाऊक होतं गं,” आई म्हणाली. “ती पोरगी मिरजेत माझं बीपी बघायची. हात इतका हलका होता तिचा. भरत्यानं मला पण सांगितलं होतं. मी सैपाकघरात उभा होतो त्या दिवशी, सगळं ऐकत. मी पण गप्प बसलो.”

पद्मजानं आईकडं पाहिलं. इतकी वर्षं दोघी एका घरात, एका ताटात, आणि दोघींच्या तोंडाला एकच कुलूप. आईनं पदरानं डोळे टिपले आणि विचारलं, तो येईल का. पद्मजा म्हणाली, माहीत नाही. मग दोघींनी उरलेली मेथी निवडली.

पहिल्या दहा जोड्या बसल्या आणि गाडी रुतली. हात तर ओळखीचे होते, पट्ट्यांवर थरथर छान उठत होती, पण कंदीलवाला दुसऱ्या-तिसऱ्या विहिरीतच पडत होता. उडी एक तर लवकर नाहीतर उशिरा. गंगाखेडच्या केंद्रावर बसलेले एक शाळामास्तर तर वैतागून म्हणाले की मुक्यानं कसं खेळायचं, आमच्यात बोलायची पद्धत होती. इथंच घोडं पेंड खात होतं. ओळख पटू नये म्हणून दोन्ही बाजूंचा आवाज बंद ठेवला होता, आणि हा खेळ तर आवाजावर चालायचा. प्रत्येक जोडीत एकजण सांगणारा होता. कुणी “मार” म्हणायचं, कुणी “टाक”, कुणी नुसती जीभ वाजवायचं.

पद्मजानं मुजावरांना सांगितलं की हातांइतकाच तो शब्दही खेळाचा भाग आहे. मुजावरांनी नियमांची चोपडी पुढं ओढली, दोनदा वाचली, आणि सांगणाऱ्याला दर उडीला एक शब्द बोलायची मुभा दिली. त्याहून जास्त नाही, आणि दुसऱ्या बाजूनं उत्तर अजिबात नाही. एका शब्दावरून कोण कोणाला ओळखणार, असं ते म्हणाले.

त्यानंतर जोड्या पळायला लागल्या. गंगाखेडचे मास्तर आणि कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवणारा त्यांचा कोणी बालमित्र यांनी सहाव्या विहिरीपर्यंत मजल मारली, आणि मास्तर पट्टे सोडायलाच तयार होईनात. अकोल्याच्या एक डॉक्टरीणबाई खेळून झाल्यावर अर्धा तास खुर्चीवरून उठल्या नाहीत, मग पाणी मागितलं आणि गेल्या. रोज संध्याकाळी मुजावर पाचवी विहीर ओलांडलेल्या जोड्यांचा आकडा फळ्यावर लिहायचे. एकवीस. चौतीस. एकोणपन्नास. त्रिशूरच्या क्रमांकापुढं मात्र काहीच नव्हतं. होकार नाही, नकारही नाही. आई रोज जेवताना विचारायची आणि पद्मजा रोज तेच सांगायची. तिसऱ्या आठवड्यात आईनं विचारणं बंद केलं. ते पद्मजाला जास्त लागलं.

चोवीस मार्चला त्रिशूरचा होकार आला. सत्तावीस तारीख, सकाळी अकरा. आणि पंचवीसला बासष्ट जोड्या पूर्ण झाल्या. खेळ वाचला. नवा सयांक पाचाच्या वर निघत होता; समितीनं यादीतून नाव काढल्याचं कळवलं आणि सगळ्या देशांतल्या अपूर्ण पेट्या पुन्हा उघडायचा हुकूम काढला. केंद्रात पेढे वाटले.

पेढा खातच मुजावर तिच्या टेबलाशी आले. म्हणाले की आता उरलेल्या जोड्यांची गरज नाही, तुम्ही बसला नाहीत तरी चालेल. त्रिशूरला कळवून टाकू.

पद्मजानं हातातला पेढा खाली ठेवला. खेळ वाचावा म्हणून ती बसणार होती, असं इतके दिवस स्वतःला सांगत आली होती. आता ती पळवाटही गेली. नाही बसली तर भरतेशच्या हाताची ती शून्य घट तिच्याजवळ जन्मभर राहणार होती, सुखरूप. आणि बसली, आणि पलीकडं भलताच कुणी निघाला तर? किंवा तोच असला, आणि तिचा आवाज ऐकून त्यानं अंगठा उचलून घेतला तर?

“मी बसणार आहे, सर,” ती म्हणाली.

सत्तावीस तारखेला आई तिच्यासोबत आली. सकाळी लवकर उठून तिनं नवी इरकल नेसली होती. आतल्या खोलीत दुसऱ्या कुणाला परवानगी नव्हती, म्हणून ती बाहेरच्या बाकावर मांडीत पिशवी घेऊन बसली. पिशवीत तिळाच्या पोळ्या होत्या. संक्रांत होऊन दोन महिने उलटले होते, पण भरतेशला त्या आवडायच्या. त्या पोळ्या त्रिशूरला कशा पोचणार हे पद्मजानं तिला विचारलं नाही.

काचेपलीकडं मुजावर कानाला हेडफोन लावून बसले. पद्मजानं उजव्या हाताला पट्टा बांधला, गळ्याशी छोटा माइक लावला. डाव्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिनं तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

कंदील पेटला. तीन सुरांची शीळ. तिनं बाण दाबला, ठेंगणा माणूस पळाला, पहिली विहीर समोर आली. “हं,” ती कशीबशी म्हणाली.

काहीच झालं नाही. कंदीलवाला सरळ विहिरीत गेला.

पडद्यावर पुन्हा सुरुवातीचा काळोख आला. पद्मजाला वाटलं, संपलं. त्यानं ओळखलं आणि अंगठा काढून घेतला. काचेपलीकडं मुजावरांनी तिच्याकडं पाहिलं, थांबवू का म्हणून हात वर केला. तिनं मान हलवून नको म्हटलं. त्रिशूरहून कुणी बाहेर पडल्याची खूण येत नव्हती. तिकडचा माणूस तिथंच होता, नुसता बसलेला.

तिनं पुन्हा बाण दाबला. पहिली विहीर. “हं.” या वेळी उडी बसली, थोडी उशिरा, पण बसली. दुसरी विहीर. “हं.” तिसरी. मग तिला जाणवलं की उडी तिच्या आवाजामागून येत नाहीये, आवाजाबरोबर येतेय. ती ओठ उघडते तोवर तिकडचा अंगठा तयार असतो. चौथी, पाचवी, सहावी. तिची बोटं पंचेचाळीस वर्षांच्या बाईची राहिली नाहीत. तिला रडू येत होतं आणि ती पळवत होती.

सातवी विहीर आली. काठ ढासळायला लागला. चार पावलं राहिली, नेहमीसारखं तोंडाशी आलं, तिनं दात आवळले. तीन. दोन. पलीकडं कुणीही घाई केली नाही. तो थांबला होता, चहाच्या टेबलाशी थांबला होता तसाच, तिच्या एका अक्षरासाठी. काठाचा शेवटचा दगड सुटला.

“हं!” पद्मजा म्हणाली, सगळा जीव एकवटून, बाहेर आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

कंदील वर गेला. खूप वेळ वरच होता. मग पलीकडच्या काठावर उतरला, दोनदा हेलकावला आणि स्थिर झाला. त्या काठावर काय असतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिथं काही विशेष नव्हतं. एक झाड होतं आणि खाली बसायला जागा होती.

नियमाप्रमाणे मुजावरांनी आता जोडणी तोडायला हवी होती. त्यांनी त्रिशूरकडचा बंद आवाज खुला केला, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड केलं. आणि मग, ज्या बाजूनं एक अक्षरही यायचं नव्हतं, त्या बाजूनं आवाज आला, जाड झालेला, वय झालेला, मल्याळी हेल चढलेला.

“बावीस वर्षं लावलीस, पमे.”

“दादा, चुकलं माझं,” एवढंच पद्मजा म्हणाली. तिकडं नाक ओढल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग खुर्ची सरकवल्याचा.

“आई कुठाय?” त्यानं विचारलं.

“बाहेर. बाकावर बसलीय.”

“मग बोलव की तिला.”

पद्मजानं पट्टा तसाच हाताला ठेवून उठून दार उघडलं. आई आधीच दाराशी येऊन उभी होती, पिशवी छातीशी धरून.